जाणं सोपं, रुळणं अवघड

(तृतीय वर्ष, विद्युत अभियांत्रिकी, मुलींचं वसतिगृह)

आपल्या हॉस्टेलवर सध्या दोन प्रकारची मुलं-मुली आहेत. एक, ज्यांना फॉरेनला जायचंय. आणि दुसरी, ज्यांना फॉरेनला जायचंय पण अजून घरी सांगितलेलं नाही! जीआरईच्या पुस्तकांचे गठ्ठे सीनियर्सकडून ज्युनियर्सकडे वारसाहक्काने जातात. यावर्षी त्यात एक नवीन भर पडली आहे ती म्हणजे परदेशात जाऊन 'व्हॉलंटियर' होण्याची. सहा आठवडे कुठल्यातरी देशात जायचं, तिथल्या मुलांना इंग्रजी शिकवायचं नाहीतर झाडं लावायची, फोटो काढायचे आणि सर्टिफिकेट घेऊन परत यायचं. विमानाचं तिकीट आपलं आणि वर फीसुद्धा आपणच भरायची. एमएसच्या अर्जात एक चांगली ओळ वाढते, हा त्यातला मुख्य फायदा.

मित्र-मैत्रिणींनो, मी टिंगल करत नाहीये. माझ्याच विंगमधल्या दोघीजणी त्यासाठी पैसे जमवताहेत आणि त्यांचा उत्साह खराखुरा आहे. पण दुसऱ्याच्या देशात मदतीला जायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हा प्रश्न विचारायला सोलापूरइतकं योग्य गाव दुसरं नसेल. कारण या गावातला एक तरुण १९३८ साली हेच करायला गेला होता. डॉ. द्वारकानाथ कोटणीस. भैय्या चौकात त्यांचं घर आहे, आता त्याचं स्मारक झालंय. रिक्षातून त्या चौकातून आपण सगळेच गेलोय. आत किती जण गेलेत?

डॉ. कोटणीसांची गोष्ट आपल्याला साधारण अशी माहीत असते : चीनमध्ये युद्ध चालू होतं, ते तिथे गेले, जखमी सैनिकांची सेवा केली आणि तिथेच वारले. १९४६ साली व्ही. शांताराम यांनी त्यांच्यावर सिनेमा काढला, 'डॉ. कोटणीस की अमर कहानी', त्यामुळे नाव अमर झालं. म्हणजे गेले आणि वारले, या दोन गोष्टी आपल्या लक्षात राहिल्या. मला मात्र या दोन्हींच्या मध्ये जे घडलं ते सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. ते तिथे रुळले कसे? माझं मत स्पष्टच सांगते. परदेशी मदतीला जाणारे पुष्कळ असतात, पण ज्याचा खरा उपयोग होतो तो तिथे रुळणारा माणूस. आणि रुळणं ही आपोआप होणारी गोष्ट नाही, ते रोज करायचं काम आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. १९३७ साली जपानने चीनवर आक्रमण केलं. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं मागितली. १९३८ मध्ये काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी देशाला आवाहन केलं, त्या काळचे २२,००० रुपये जमले आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. अलाहाबादचे डॉ. अटल पथकाचे प्रमुख. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले. नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी आणि आपल्या सोलापूरचे कोटणीस. मुंबईच्या सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजमधून एमबीबीएस झालेले. वय वर्षं २७. पुढच्या शिक्षणाची तयारी चालू होती. म्हणजे आपल्या भाषेत सांगायचं तर करिअर 'सेट' व्हायच्या बेतात होतं!

एक गोष्ट मुद्दाम लक्षात घ्या. तेव्हा भारत स्वतःच पारतंत्र्यात होता. सोलापूरने तर १९३० च्या मे महिन्यात मार्शल लॉ सोसला होता आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा हे सोलापूरचे चार हुतात्मे येरवड्यात फासावर गेले होते. तेव्हा कोटणीस विशीचे होते, म्हणजे आज माझं आहे त्याच वयाचे. 'आपलंच घर जळतंय, दुसऱ्याचं विझवायला कशाला जायचं?' असा प्रश्न तेव्हाही कोणीतरी विचारलाच असेल. त्याचं उत्तर त्या वेळच्या नेत्यांनी कृतीतून दिलं. आपल्यावर राज्य करणारे आणि चीनवर चाल करून जाणारे, दोघांची हाव एकाच जातीची आहे, म्हणून ही लढाईही एकच, असं त्यांचं म्हणणं होतं.

सप्टेंबर १९३८ मध्ये हे पाच जण मुंबईहून 'राजपुताना' बोटीने निघाले आणि त्याच महिन्यात कँटनला पोचले. तिथे सन यत्-सेन यांच्या पत्नी सुंग चिंगलिंग यांनी त्यांचं स्वागत केलं. हार-तुरे झाले असतील, भाषणं झाली असतील. पण पुढे काय झालं बघा. ऑक्टोबर संपायच्या आत कँटन पडलं आणि हान्कोसुद्धा पडलं. ज्या शहरात उतरलो तेच महिन्याभरात शत्रूच्या ताब्यात! पथक मागे सरकत सरकत चुंगकिंगला गेलं. तिथून थेट येनानला, म्हणजे आठव्या रूट आर्मीच्या तळावर पोचायला १९३९ चा फेब्रुवारी उजाडला. आणि प्रत्यक्ष आघाडीकडे निघायला त्या वर्षाचा नोव्हेंबर. म्हणजे घर सोडल्यापासून आघाडीची वाट धरेपर्यंत वर्षाहून जास्त काळ गेला.

आपल्या सहा आठवड्यांच्या कार्यक्रमात हे बसवून बघा. सहा आठवड्यांत कोटणीसांचं कँटन जाऊन हातात फक्त सामानाच्या पेट्या राहिल्या असत्या! या वर्षभरात त्यांनी काय केलं, तर जिथे नेमलं तिथे रुग्णालयात काम केलं आणि बाकी वेळ शिकले. भाषा शिकले, माणसं ओळखायला शिकले, त्या सैन्याची कामाची पद्धत शिकले. याच काळात वडिलांच्या निधनाची बातमी आली. सोबत्यांनीही म्हटलं असतं तर ते परतू शकले असते, कोणी नावं ठेवली नसती. पण ते थांबले.

चिनी भाषा शिकणं म्हणजे काय हे ज्यांनी फोनवरच्या अ‍ॅपवर दोन दिवस प्रयत्न केलाय त्यांना विचारा. एकच 'मा' चार वेगवेगळ्या सुरांत म्हटला की आई, ताग, घोडा आणि शिवी देणं असे चार अर्थ होतात. म्हणजे प्रेमाने 'आई' म्हणायला जावं आणि समोरच्या बाईंना घोडा म्हणून मोकळं व्हावं! हे सगळं पचवून कोटणीस चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायलासुद्धा शिकले. पुढे वैद्यकीय शाळेत ते चिनी मुलांना चिनीत शिकवत. आपल्याकडे लहानपणापासून इंग्रजी शिकून 'व्हायवा'ला इंग्रजीत तोंड उघडत नाही, त्या आपण सगळ्यांनी जरा विचार करावा.

पथकातल्या पाचही जणांनी चिनी नावं घेतली आणि प्रत्येकाच्या नावाच्या शेवटी 'हुआ' लावलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले 'के दिहुआ'. आजही तिकडे ते याच नावाने ओळखले जातात.

आणि खाणं? हॉस्टेलवाल्यांना हा मुद्दा सगळ्यात आधी कळेल. त्या डोंगराळ भागात सैन्याचं मुख्य अन्न होतं राळे. होय, आपलेच राळे! सोलापूर-विजापूर भागात आजीच्या पिढीपर्यंत राळ्याचा भात खात असत. चिनी भाषेत राळ्यांना म्हणतात 'शाओमी'. आपल्यापैकी कित्येकांच्या खिशात ज्या कंपनीचा फोन आहे तिच्या नावाचा अर्थच राळे! मेसमध्ये सलग तीन दिवस वांग्याची भाजी झाली की आपण रेक्टर मॅडमकडे शिष्टमंडळ नेतो. येनानला डोंगराच्या मातीत खोदलेल्या गुहांमध्ये माणसं राहत होती, रुग्णालयंसुद्धा गुहांत चालत होती. जे सगळ्यांना मिळत होतं तेच डॉक्टरांनाही मिळत होतं.

एवढं झाल्यावर मग ते काम आलं ज्यासाठी ते गेले होते. १९४० साली उत्तर चीनमधल्या जिन-चा-जी या सीमाभागात, जपानी सैन्याच्या पिछाडीला, लढाया चालू असताना त्यांनी सलग ७२ तास न झोपता शस्त्रक्रिया केल्या असं सांगतात. त्याच भागात त्यांच्याआधी डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते वारले. त्यांच्या नावाने जे आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय उभं राहिलं त्याचे पहिले संचालक म्हणून १९४१ मध्ये कोटणीसांना नेमलं. तीस वर्षांचा सोलापूरचा डॉक्टर, कॅनडाच्या डॉक्टरच्या नावाचं रुग्णालय आणि रुग्ण चिनी! ग्लोबलायझेशन हा शब्द आपण फार उशिरा शिकलो.

तिथेच त्यांची गुओ चिंगलान यांच्याशी ओळख झाली. त्या परिचर्या शिकवत असत. हा परदेशी डॉक्टर आपल्या भाषेत बोलतो, लिहितो, याचं त्यांना विशेष वाटलं होतं. १९४१ च्या अखेरीस दोघांचं लग्न झालं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला, त्याचं नाव ठेवलं 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. पण कोटणीसांना अपस्माराचे झटके येत होते आणि ९ डिसेंबर १९४२ ला, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते गेले. बाळ तेव्हा चार महिन्यांचंही नव्हतं. पथकातले बाकीचे चौघे एकेक करत भारतात परतले. त्यांचंही काम कमी नाही. डॉ. बसूंनी तर पुढे चीनमध्ये जाऊन अ‍ॅक्युपंक्चर शिकून ते भारतात आणलं.

आता माझ्या मुद्द्यावर येते. कोटणीस गेल्यावर काय उरलं? रुग्णालय उरलं, ते आज शिजियाझुआंग शहरात चालू आहे. त्यांनी शिकवलेले विद्यार्थी उरले. युद्धात एक डॉक्टर एका दिवसात किती जखमींना हात लावणार? पण त्याने वीस जणांना शिकवलं तर तो नसतानाही ते हात काम करत राहतात. हे त्यांना जमलं कारण ते त्यांच्याच भाषेत शिकवत होते. दुभाष्या घेऊन ऑपरेशन करता येईल एक वेळ, वर्ग घेता येत नाही.

याच्या उलट उदाहरण सांगते. मागच्या वर्षी एनएसएसच्या शिबिराला आम्ही ज्या गावात गेलो तिथे देवळासमोर एक सोलर दिव्याचा खांब होता. बंद. कुठल्याशा कॉलेजच्या मुलांनी शिबिरात येऊन उभा केलेला. खांबावर त्यांच्या कॉलेजच्या नावाची पाटी होती, ती गंजून वाचता येत नव्हती. आम्ही इलेक्ट्रिकलवाल्या, उत्साहाने पेटी उघडून बघितली. पॅनेल शाबूत, बॅटरी मेलेली. अशा बॅटरीचं आयुष्य ठरलेलं असतं, ती कधीतरी बदलावीच लागते. ती कुठली घ्यायची, कोणी बदलायची, पैसे कुठून आणायचे, हे गावात कोणालाच सांगितलेलं नव्हतं. शेजारी बसलेल्या आजी म्हणाल्या, "दिवा लावून गेली पोरं, बाई. लई गुणाची होती. पण दिवा इझला तवा कोण बी नव्हतं."

मला वाटतं 'व्हॉलंटियरिंग' या विषयावर याहून चांगलं भाषण कोणी करणार नाही. दिवा लावताना फोटो निघतो. दिवा विझतो तेव्हा तिथे कोण आहे, यावर मदत खरी की खोटी हे ठरतं.

रुळणं जमतं, हे मी लहानपणापासून बघत आलेय. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, नाशिकला. आमच्या कित्येक सिस्टर केरळहून आलेल्या. पहिल्या वर्षी त्यांना मराठीतला 'ळ' सोडून काहीच धड येत नसे, कारण तो त्यांच्याकडेही आहे! पण तीन-चार वर्षांत त्याच सिस्टर बाजारात मेथीच्या जुडीवरून भाजीवाल्या मावशींशी अशी घासाघीस करत की आम्ही बघत राहायचो. माझ्या मराठीपेक्षा त्यांचं मराठी त्या मावशींना जास्त जवळचं वाटायचं. आणि आपल्या मेसमधल्या काकू? त्या अक्कलकोटकडच्या, घरी कन्नड बोलतात. भाजी संपली की मराठीत ओरडतात आणि पूर्व भागातल्या मुलींची तेलुगूत चौकशी करतात. सोलापूर हे तर आलेल्या आणि रुळलेल्या माणसांचंच गाव आहे. विणकामासाठी, गिरण्यांसाठी तेलुगू बोलणारी घरं इथे आली आणि इथलीच झाली. कोटणीस अशा गावात वाढले म्हणून चीनमध्ये रुळले, असा सिद्धांत मी मांडणार नाही. पण ज्या गावात तीन भाषा कानावर पडतात तिथल्या माणसाला चौथीची भीती थोडी कमी वाटत असावी.

आणि आपण काय करतो? चार वर्षं सोलापुरात राहून पुण्या-मुंबईची मुलं "काय करायलास बे?" या वाक्याची फक्त नक्कल करतात. गड्ड्याच्या जत्रेत पाळण्यात बसलो, शेंगाचटणीचं पाकीट घरी नेलं की झालं सोलापूर! ज्याला अक्कलकोट रोडच्या पलीकडचा माणूस परका वाटतो, तो सहा आठवड्यांत कुठल्या देशाचं काय भलं करणार आहे?

काही जण म्हणतील, चीनचं कौतुक कशाला? १९६२ विसरलात का? जून २०२० चं गलवान विसरलात का? विसरले नाही, विसरूही नये. पण कोटणीस ज्यांच्यासाठी गेले ती माणसं तेव्हा स्ट्रेचरवर होती, त्यांच्या घरावर आक्रमण झालेलं होतं. सरकारं भांडतात, सीमा तापतात, तरीही गुओ चिंगलान नंतर अनेकदा भारतात आल्या, सासरच्या माणसांना भेटल्या. २०१२ साली त्या गेल्या. त्यांचा यिनहुआ मात्र वैद्यकीय शिक्षण घेत असतानाच १९६७ मध्ये वारला होता. भारतात येणारे चिनी नेतेही कोटणीस कुटुंबीयांना आवर्जून भेटत आले. दोन देशांमध्ये बोलायला काहीच उरत नाही तेव्हाही एक नाव असं आहे की जे दोघेही आदराने घेतात. एका तरुण डॉक्टरने चार वर्षांत एवढं मिळवलं.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे आणि तो माझ्या रूममेटने घेतला. ती म्हणाली, "अगं, सगळ्यांनी काय कोटणीस व्हायचं का? चार वर्षं कोण देणार? सहा आठवडे का होईना, जाऊन तर बघू दे." बरोबर आहे तिचं. जग बघायला जरूर जावं. पण मग त्याला प्रवास म्हणावं, शिकायला गेलो म्हणावं. त्याला सेवा म्हणायची घाई करू नये. सहा आठवड्यांत फायदा होतो तो आपला होतो आणि त्यात वाईट काही नाही. फक्त त्याचं बिल समोरच्या गावाच्या नावावर फाडू नये.

आणि खरंच मदतीला जायचं असेल तर निघण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : तिथल्या माणसाला जमत नाही असं मला नेमकं काय येतं? कोटणीस शस्त्रक्रिया शिकून गेले होते, शिकायला म्हणून गेले नव्हते. दुसरा : मी लावलेला दिवा विझेपर्यंत तरी मी तिथे आहे का, नसेन तर तो पुन्हा लावायला कोणाला शिकवून निघणार आहे? तिसरा : ज्यांच्यासाठी जातोय त्यांच्या भाषेत मी किमान 'दुखतंय का?' एवढं विचारू शकतो का?

हेच प्रश्न आपल्या एनएसएसलाही लागू आहेत. दोन वर्षांत २४० तास आणि एक सात दिवसांचं शिबिर, हा नियम आपल्याला बदलता येणार नाही. पण गाव तर आपण निवडतो ना? दरवर्षी नवीन गाव घेऊन सात दिवस झाडलोट करण्यापेक्षा सलग पाच वर्षं एकच गाव घ्यावं, असं मी स्टाफमधल्या सरांना आणि मॅडमना विनंती करते. पहिल्या वर्षी काही उभं करायचं नाही, फक्त ऐकायचं. दुसऱ्या वर्षी दुरुस्ती. तिसऱ्या वर्षी गावातल्या दोन-चार मुलांना पंप, वायरिंग आणि बॅटरीचं काम शिकवायचं. ज्युनियर्सना सीनियर्सकडून जीआरईच्या पुस्तकांबरोबर त्या गावातल्या माणसांचे फोन नंबरही मिळायला हवेत. पाचव्या वर्षी आपली गरज उरली नाही तर शिबिर यशस्वी झालं असं समजावं. आणि त्या बंद दिव्यापासूनच सुरुवात करू. खांब उभा आहे, पॅनेल चांगलं आहे, फक्त बॅटरी आणि थोडी चिकाटी हवी.

माझ्या विंगमधल्या त्या दोघींना मी एवढंच म्हटलंय की जा, पण जाण्याआधी एक रविवार भैय्या चौकातल्या घरात घालवा. आणि त्यांना हे पटलं नसेल, तुम्हालाही पटलं नसेल, तर मेसमध्ये भांडायला जरूर या. शनिवारी वांग्याची भाजी आहे, तेवढाच वेळ चांगला जाईल!